शनिवारचा खेळ का थांबला



आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी कॉम्प्युटरवर नाहीतर मोबाइलवर खेळणारं कुणीतरी आहे. कुणाचा नातू, कुणाचा जावई, कुणाचा पस्तिशी ओलांडलेला मुलगा. भेटलं की एकमेकींना विचारणं एकच, "हा खेळ सुटतो तरी कसा?" आमच्या घरचा सुटला. पाच मित्रांचा, दर शनिवारी ठरल्या वेळी चालणारा, तीन-साडेतीन वर्षं न चुकलेला खेळ बंद पडला. मी बंद केला नाही, सुनेनं केला नाही, पोरांचं भांडणही झालं नाही. मग तो का थांबला, ह्याचा मी बरेच दिवस विचार करते आहे.

आधी खेळ काय ते सांगते, कारण "गेम" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फळं जुळवणं किंवा रमी येते. हा तसा नाही. माझा धाकटा पुण्याला नोकरीला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तो लाखांदूरला घरी आला आणि वर्षभर माडीवरच्या खोलीतून त्यानं काम केलं. बारावीपर्यंत बरोबर शिकलेले त्याचे चार मित्र, एक वडशाचा, एक पवनीचा, एक साकोलीचा, एक अर्जुनी-मोरगावचा. नोकऱ्यांनी ते नागपूर, हैदराबाद, बंगळूर आणि पार टोरंटोपर्यंत पांगलेले. टाळेबंदीत सगळेच घरात कोंडलेले, तेव्हा त्यांनी शनिवारी रात्री दहाला एकत्र खेळायचं ठरवलं.

खेळाचं नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. २००४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. दर महिन्याला वर्गणी भरायची. २०१० साली त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांच्या वर गेले होते. ह्यात प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी वैद्य. ते सोंग घेऊन एका मोठ्या काल्पनिक मुलखात फिरायचं, कामगिऱ्या करायच्या, हळूहळू बळ वाढवायचं. काही कामगिऱ्या एकट्यानं होतच नाहीत. पाच जणच लागतात, आणि पाच जणांची कामं ठरलेली. एकानं ढाल घेऊन पुढे उभं राहायचं आणि सगळा मार स्वतःवर घ्यायचा. एकानं मागे राहून जखमा भरून काढायच्या. उरलेल्या तिघांनी वार करायचे. ढालवाला नसेल तर बाकीचे चार क्षणात गारद. वैद्य नसेल तर ढालवाला टिकत नाही.

आमचा लेक वैद्य. वडशाचा मुलगा ढालवाला.

तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात पहिल्याच शनिवारी आलं. खोट्या का होईना, पण माराव्याच लागतात ना त्या राक्षसांना? आपल्याकडे राजा यशोधराची कथा आहे. दहाव्या शतकात, इ.स. ९५९ मध्ये सोमदेवसूरींनी ती 'यशस्तिलक चंपू'त मोठ्या विस्तारानं लिहिली. आईच्या आग्रहानं राजानं बळी दिला तो पिठाच्या कोंबड्याचा. खरा जीव गेला नाही, तरी मारण्याचा भाव होता म्हणून माय-लेकांना पुढचे कितीतरी जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत काढावे लागले. मी ती कथा लेकाला सांगितली. तो म्हणाला, "आई, मी तर वैद्य आहे, मी कुणालाच मारत नाही." मी म्हटलं, "मारणाऱ्याला तूच उभं ठेवतोस ना? करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्ही आलं त्यात." तो हसला, पण ऐकून घेतलं. हे सांगायचं कारण, खेळ ह्या विचारानं थांबला असं तुम्हाला वाटू नये. तसं झालं असतं तर मी आनंदानं लिहिलं असतं. खेळ पुढेही चालूच राहिला.

आपल्या घरात रात्री खाणं नाही, त्यामुळे चहा-चिवड्याच्या निमित्तानं मी वर जायचा प्रश्न नव्हता. पण आमची माडी लाकडी, वरचा शब्द खाली ऐकू येतो. तासाभरात निम्मं बोलणं खेळाचं नसायचंच. "अरे डावीकडून येतोय बघ," आणि त्याच्याच मागोमाग, "बाबांची शुगर किती आली रे?" "थांब, मागे फिर," आणि मग, "तुझ्या बहिणीचं जमलं का तिथे?" एकाची नोकरी गेली ते ह्याच बोलण्यात निघालं, आणि दुसऱ्यानं दुसरी सुचवली तीही ह्याच बोलण्यात. पोरं एकमेकांकडे न बघता, दुसरीकडे नजर ठेवून, मनातलं बोलत होती.

हे पुढे कामाचं आहे, म्हणून लक्षात ठेवा.

टाळेबंदी उठली, लेक पुण्याला गेला, लग्न झालं, तरी शनिवार चालूच होता. मग एकदा सून बोलता बोलता म्हणाली, "आता नाही हो खेळत ते. चार-पाच महिने झाले."

मी नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. चाळीस वर्षांपूर्वीचं शिक्षण घरातल्या हिशेबाच्या वहीपुरतं उरलं असलं, तरी १९३२ चा भागीदारी कायदा अजून डोक्यात आहे. मराठी पुस्तकात त्यातल्या एका धड्याचं नाव होतं, 'भागीदारी संस्थेचे विसर्जन'. पाच जणांनी ठरवून एकत्र काही करायचं म्हणजे ती भागीदारीच झाली, असं म्हणून मी एकेक कलम लावून पाहिलं.

कलम ४१ सांगतं, धंदाच बेकायदा ठरला तर भागीदारी संपते. असं खेळांच्या बाबतीत झालेलं आहे. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी होता. तो ह्या जातीचा खेळ नव्हे, पण चौघांची टोळी करून खेळायचा. गावोगावच्या टोळ्या त्यानं विस्कटल्या. कधी दुकानच बंद होतं. 'सिटी ऑफ हीरोज' नावाचा असाच सोंगांचा खेळ कंपनीनं ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद केला, तेव्हा त्यात वर्षानुवर्षं भेटणाऱ्या माणसांची भेटायची जागाच गेली. आमच्या पोरांचा खेळसुद्धा चीनमध्ये जानेवारी २०२३ ला बंद पडला, कारण खेळ बनवणारी कंपनी आणि तिथली चालवणारी कंपनी ह्यांचा करार संपला. पुढे २०२४ मध्ये तो तिथे पुन्हा सुरू झाला. पण ह्या पाच जणांना अशी काहीच अडचण नव्हती.

कलम ४२ मध्ये चार कारणं. ठरलेली मुदत संपणं, हाती घेतलेलं काम पुरं होणं, भागीदाराचा मृत्यू, भागीदाराचं दिवाळं. मुदत ठरलीच नव्हती. आपली भिशी बघा, बारा जणी असल्या तर बारा महिने, प्रत्येकीचा नंबर लागेपर्यंत कुणी हलत नाही. पोरांना असं बांधून ठेवणारं काही नव्हतं. काम पुरं होण्याचा प्रश्न नव्हता, कारण ह्या खेळाला शेवट नाही. साधारण दोन वर्षांनी कंपनी नवा भाग काढते. माणसं, देवाच्या दयेनं, पाचही धडधाकट. दिवाळं कुणाचं निघालं नाही.

कलम ४३ म्हणतं, मुदत नसलेली ऐच्छिक भागीदारी कुणीही भागीदार सगळ्यांना लेखी नोटीस देऊन मोडू शकतो. तशी नोटीस कुणी दिली नव्हती. "मी आता खेळणार नाही" असं पाचांपैकी एकानंही कधी म्हटलं नाही.

म्हणजे कायद्यानं पाहिलं तर भागीदारी चालू, आणि दुकानाला चार-पाच महिने कुलूप.

मग मी लेकाला खोदून खोदून विचारलं. त्यानं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, ते मी क्रमानं लावते.

पहिली गोष्ट वेळेची. आपले रात्रीचे दहा म्हणजे टोरंटोला उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा, हिवाळ्यात साडेअकरा. टाळेबंदीत तिथला मुलगाही घरातच होता. पुढे शनिवारची दुपार ही त्याची बाजारहाटाची आणि कपडे धुण्याची वेळ झाली. हैदराबादच्याला मुलगी झाली, ती नेमकी रात्री दहाला उठायची. एक जण नसला की चौघांत मोठी कामगिरी होत नाही, म्हणून त्या दिवशी नुसतंच काहीतरी किरकोळ करायचं.

दुसरी गोष्ट, पुढे-मागे होणं. बंगळूरचा एकटा राहतो, तो रोज रात्री खेळायचा. त्याचं सोंग फार बलवान झालं. बाकीचे आठवड्यातून एकदा येणारे, ते मागे राहिले. त्याला यांच्याबरोबर मजा येईना, यांना त्याच्यापुढे ओशाळल्यासारखं होऊ लागलं.

तिसरी गोष्ट आपल्या घसाऱ्यासारखी. दोन वर्षं खपून मिळवलेली शस्त्रं, चिलखतं नवा भाग आला की बिनकामाची होतात. पुन्हा पहिल्यापासून मिळवायची. पंचविशीत माणूस ते हौसेनं करतो. घराचा हप्ता सुरू झालेला माणूस म्हणतो, "पुन्हा?"

चौथी गोष्ट लेकानं अगदी हळू आवाजात सांगितली. "शेवटी शेवटी आई, ऑफिसच्या मीटिंगला बसल्यासारखं बसायचो. वाट बघत असतील म्हणून."

ह्या चारही गोष्टी खऱ्या आहेत. पण ह्या चारही असताना खेळ सहा-आठ महिने चालला होता. मग तो थांबला कशानं?

दर शुक्रवारी संध्याकाळी वडशाचा मुलगा, तो ढालवाला, सगळ्यांना एक ओळ पाठवायचा. "उद्या दहा. कोण कोण?" बस, एवढंच. तीन-साडेतीन वर्षं ती ओळ त्यानंच पाठवली. कुणी त्याला हे काम दिलं नव्हतं. मग त्याचे वडील आजारी पडले. तो नागपूरला दवाखान्यात आणि घरी असा पळत होता. एका शुक्रवारी ओळ आली नाही. दुसऱ्या शुक्रवारीही नाही.

चौघांना वाटलं, तो अडचणीत आहे, त्याला खेळाचं काय विचारायचं? आणि त्याच्याशिवाय खेळायचं तरी कसं, बरं दिसत नाही. ढालवाल्याला वाटलं, ते चौघे दुसरा कुणी घेऊन खेळत असतील, आपलं रडगाणं मधे कशाला? पाचही जण एकमेकांचा विचार करून गप्प राहिले. असेच चार-पाच महिने गेले.

एक दिवस आमचे हे तांदळाच्या कामानं वडशाला गेले होते, ते संध्याकाळी आले आणि म्हणाले, "अगं, त्या पोराचे वडील गेले. परवा तेरवी झाली." मी लगेच पुण्याला फोन लावला. लेक क्षणभर काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मला माहीतच नाही." चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. ज्या माणसाची शुगर किती हे ह्या पोरांना दर शनिवारी ठाऊक असायचं, तो माणूस गेला आणि तेरवी होईपर्यंत त्यांना कळलं नाही.

मी विचारलं, "मधे एकदा फोन का नाही केलास?"

तो म्हणाला, "काय म्हणून करायचा, आई? खेळताना आपोआप बोलणं व्हायचं. नुसताच फोन करून काय बोलू?"

मैत्रिणींनो, हे उत्तर ऐकल्यापासून मी ह्या विषयाकडे वेगळ्या नजरेनं बघते. आपण बायका "काही नाही गं, सहज केला" म्हणून तासभर बोलू शकतो. आपल्या मुलांना, आपल्या घरच्या पुरुषांना बहुधा ते जमत नाही. त्यांना बोलायला हाताला काम लागतं. क्रिकेट, पानठेला, गाडी दुरुस्त करणं, नाहीतर हा खेळ. काम काढून घेतलं की बोलणंही त्याच्याबरोबर जातं.

सोंग घेऊन जमणं आपल्या झाडीपट्टीला काही नवं नाही. दिवाळी झाली, धान घरात आलं की आपल्याकडे दिवसा शंकरपट आणि रात्रभर नाटक. मंडईच्या निमित्तानं पाहुणे यायचे, सोयरिकी जुळायच्या. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा पट थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळेपर्यंत सात-साडेसात वर्षं बैल बांधलेले राहिले. बैलांना विश्रांती मिळाली, मला त्याचं समाधानच आहे. पण मला नोंदवायचं आहे ते वेगळं. पट थांबले तरी नाटकं थांबली नाहीत. वडशाच्या मंडळ्या गावोगाव जात राहिल्या, पाहुण्यांना निरोप जात राहिले. २०२३ साली झाडीपट्टीच्या परशुराम खुणे ह्यांना पद्मश्री मिळाली ती ह्याच रंगभूमीसाठी. एक निमित्त गेलं, तरी निरोप पाठवणारी माणसं गावात होती, म्हणून जमणं टिकलं. पोरांचं उलट झालं. निमित्त शिल्लक होतं, कॉम्प्युटरवर तो खेळ आजही आहे, पण निरोप पाठवणारा गप्प झाला आणि दुसऱ्या कुणी ते काम उचललं नाही.

म्हणून माझ्या हिशेबानं गट खेळाच्या कंटाळ्यानं क्वचित मोडतो. वेळ, संसार, पैसा ह्यांनी तो ढिला होतो. मोडतो तो 'उद्या कोण कोण?' असं विचारणारा थांबला म्हणजे. असा माणूस प्रत्येक मंडळात एकच असतो. आपल्या महिला मंडळातही आहे, तुम्हाला तिचं नाव लगेच आठवेल. ती आजारी पडली की सभा होत नाही, आणि ती बरी आहे का हे विचारायला जाणारीही तीच असते.

भागीदारी मोडल्यावर हिशेब करताना आम्हाला शिकवलं होतं, की मालमत्तेत 'ख्याती' धरायला विसरू नका. ती दिसत नाही, हाताला लागत नाही, पण तिला किंमत असते. पोरांनी तीन-साडेतीन वर्षांत जी जमवली ती हीच. शस्त्रं, चिलखतं घसाऱ्यात गेली ती जाऊ द्या.

लेकानं त्या दिवशी वडशाच्या मित्राला फोन केला नाही. हिंमत झाली नाही, असं सून म्हणाली. आठवडाभर गेला, दोन आठवडे गेले. मग आपलं दशलक्षण पर्व आलं. क्षमावाणीच्या दिवशी आम्ही सगळ्यांना फोन करतो तसा त्यानंही सुरुवात केली, आणि त्या यादीत पहिला फोन त्या मित्राला केला. तो मित्र जैन नाही, त्याला उत्तम क्षमेचा अर्थही सांगावा लागला. सून सांगते, पहिली पाच मिनिटं दोघं नुसतेच "हं, हं" करत होते. मग दीड तास बोलले.

खेळ पुन्हा सुरू झालेला नाही, होईल असंही वाटत नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री दहाला ते फोनवर एकत्र येतात. कधी पाच, बरेचदा तीन. टोरंटोच्याला अजून जमत नाही. शुक्रवारची ओळ आता आमचा लेक पाठवतो.

खेळ सुटतच नाही, झोप-जेवण-नोकरी त्यापायी जाते, अशी मुलं असतात, त्यांची गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये त्याला आजारांच्या यादीत घेतलं आहे. तिथे डॉक्टरांकडे जायला लाजू नका. पण आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर खेळणारा मुलगा, नवरा, जावई घरात असेल आणि तो खेळ आपोआप थांबला असेल, तर "बरं झालं, सुटला" एवढ्यावर सोडू नका. त्याला त्याच्या मित्रांची नावं घेऊन विचारा. कोण कुठे आहे, कुणाचे आईवडील कसे आहेत. उत्तर "माहीत नाही" असं आलं, तर त्याच्या हातात फोन द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. तुमच्यासमोर त्याला बोलता येणार नाही.

जय जिनेंद्र.